१२ चा रीमर आणि १२.०६ चं भोक: पितळेतला बोअर मोठा का येतो

घरच्या मिनी लेथवर वाफेच्या छोट्या इंजिनाचा सिलिंडर करत होतो. २५ मिमीची पितळी सळई, लांबी ३२ मिमी, मधून १२ मिमीचा आरपार बोअर. ड्रिल मारायचं, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं दातेरी हत्यार) फिरवायचा, झालं, इतकं सोपं वाटणारं काम. पाठोपाठ चार सिलिंडर भंगारात गेले. चौघांची खोड एकच होती. रीमर ज्या तोंडाने आत शिरला तिथे १२.०६, दहा मिमी आत १२.०३ आणि पलीकडच्या टोकाला १२.०२. पिस्टन तोंडाशी खुळखुळायचा आणि पुढे गेला की अडखळायचा.

रीमर खराब असेल म्हणून नवा आणला. नव्यानेही तेच केलं. माझे दोन महिने आणि बरंचसं पितळ ह्यात गेलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. रीमर भोकाला माप आणि सफाई देतो, दिशा देत नाही. आधीचं भोक जिकडे जाईल तिकडे तो जातो. भोक वाकडं असेल तर तोही वाकडा जातो, आणि त्याला अक्षापासून बाजूला धरलं तर तो भोक मोठं करतो. त्यामुळे रीमरच्या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी रीमरच्या आधी कुठेतरी असतं: टेलस्टॉकमध्ये (लेथच्या उजव्या टोकाचा, ड्रिल आणि रीमर धरणारा सरकता भाग), ड्रिलने पाडलेल्या भोकात किंवा चकच्या (काम धरून फिरवणाऱ्या जबड्यांच्या) पकडीत.

आधी दोष कोणता ते ओळखा

व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांवर विसंबू नका. १२ मिमीच्या बोअरमध्ये त्या सपाट टोकांमुळे माप कमी दाखवतं, शिवाय ते तोंडाशीच मोजतं. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर ही जोडी चांगली, पण हात बसायला वेळ लागतो. घरी सर्वांत कामाचा ठरतो तो पायऱ्यांचा प्लग. स्टीलच्या सळईवर ११.९८, १२.००, १२.०२, १२.०४ आणि १२.०६ अशा पाच पायऱ्या, प्रत्येकी ८ मिमी लांब, लहान माप टोकाला. शेवटचे दोन-तीन शतांश (मिमीचे शंभरावे भाग) बारीक एमरी पेपरने उतरवायचे आणि प्रत्येक पायरीचं खरं माप मायक्रोमीटरने घेऊन वहीत लिहून ठेवायचं. तासाभराचं काम आहे. बोअर दोन्ही बाजूंनी ह्या प्लगने तपासला की दोष कोणत्या जातीचा ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

शिरण्याच्या तोंडाशी मोठं आणि आत बरोबर, म्हणजे घंटेसारखं, असेल तर टेलस्टॉक बघा. सगळीकडे सारखंच मोठं असेल तर रीमर किंवा त्याला उरवलेलं पितळ बघा. टेलिस्कोपिक गेज सगळीकडे बरोबर दाखवतो पण प्लग मात्र आत जात नाही, असं असेल तर चक बघा. ह्या तिसऱ्या प्रकाराने माणूस सर्वांत जास्त चक्रावतो.

मोजण्याआधी जॉब, म्हणजे हातातला तुकडा, थंड होऊ द्या. पितळ एका अंशाला मीटरमागे सुमारे २० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) फुगतं. जॉब खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम असेल तर १२ मिमीचा बोअर जवळजवळ १० मायक्रॉन मोठा दिसतो. एच७ ह्या भोकांच्या मापाच्या प्रमाणित वर्गात १२ मिमीला एकूण सवलतच १८ मायक्रॉनची असते. निम्म्याहून जास्त सवलत उष्णतेनेच खाल्ली.

टेलस्टॉक

माझा मुख्य दोष इथेच निघाला. टेलस्टॉकमधलं सेंटर (टोकदार खिळ) आणि चकमधलं सेंटर टोकाला टोक लावून बघितलं होतं, नजरेला जुळत होतं. पण नजरेला पाच शतांश दिसत नाहीत.

तपासायची पद्धत अशी. मशीनचा विजेचा प्लग काढा. डायल इंडिकेटर चकमध्ये पकडा आणि त्याची सुई टेलस्टॉकच्या बॅरलमधल्या (पुढे-मागे सरकणाऱ्या नळीतल्या) टेपरला, म्हणजे निमुळत्या भोकाला, आतून टेकवा. बॅरल काम करताना जेवढा बाहेर असतो तेवढाच बाहेर काढा, लॉक करा, टेलस्टॉकही बेडवर नेहमीच्या जोराने आवळा. मग चक हाताने फिरवत चार ठिकाणचं रीडिंग घ्या: पुढे, मागे, वर, खाली. पुढच्या आणि मागच्या रीडिंगमधला फरक भागिले दोन, एवढा टेलस्टॉक आडवा सरकलेला. वर-खालीचा हिशोब तसाच, फक्त डायलची दांडी लांब आणि बारीक असेल तर ती स्वतःच्या वजनाने लवते आणि वर-खालीचं रीडिंग खोटं येतं. दांडी आखूड आणि जाड ठेवा.

माझ्याकडे पुढे-मागे फरक ०.११ आला, म्हणजे अक्ष साडेपाच शतांश सरकलेला. रीमर तोंडाशी एवढ्या बाजूला रेटला जात होता. आत गेल्यावर भोकच त्याला आधार देऊन थोडं मधे आणत होतं, म्हणून आत माप सुधारायचं. घंटेचा आकार येतो तो असा.

आडवी चूक टेलस्टॉकच्या बुडाशी असलेल्या स्क्रूंनी निघते. एक ढिला, दुसरा घट्ट, मग आवळून पुन्हा डायल. आवळताना तो पुन्हा थोडा सरकतो, म्हणून तीन-चार वेळा करावं लागतं. फरक ०.०१ वर आणल्यावर मी थांबलो. उंचीत टेलस्टॉक दोन शतांश खाली होता. त्यासाठी टेलस्टॉकचं बूड आणि धड ह्यांच्या मध्ये शिम, म्हणजे पातळ पट्टी, लागते. पितळी शिमची पट्टी मिळाली तर उत्तम. मला मिळाली नाही, तेव्हा पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल मायक्रोमीटरने मोजली, ११ मायक्रॉन निघाली. दोन थर घातले आणि ते आजही तिथेच आहेत. टेलस्टॉक उंच असेल तर मात्र घरी बूड घासायच्या फंदात पडू नका, खाली सांगितलेला तरंगता रीमर वापरा.

बेडवर टेलस्टॉक जिथे बसतो ती जागा दर वेळी कापडाने पुसा. त्याच्या खाली पितळेची एक बारीक चिप गेली तरी वरची सगळी मेहनत फुकट. पितळेचा चुरा टेलस्टॉकखाली फार सहज जातो, कारण तो सुईसारखा आणि हलका असतो.

अजून एक चोर ड्रिल चक हा. टेलस्टॉकमधला ड्रिल चक फिरत नाही, त्यामुळे त्याचा आउट, म्हणजे अक्षापासून सरकलेपणा, डोळ्यांना दिसत नाही, पण असतो, आणि तो एका ठराविक दिशेला असतो. ड्रिल चकमध्ये सरळ पॉलिश सळई धरा, मघाशी सांगितल्याप्रमाणे लेथच्या चकमधला डायल तिच्याभोवती फिरवा, मग आर्बर (ड्रिल चकची मागची निमुळती दांडी) टेपरमधून काढून पाव फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि परत बघा. चार जागांपैकी एका जागी चकची चूक आणि टेलस्टॉकची उरलेली चूक एकमेकींना मारतात. माझ्याकडे चार रीडिंग ०.१४, ०.०९, ०.०३ आणि ०.०८ अशी आली. ०.०३ च्या जागी आर्बरवर आणि बॅरलवर एक एक रेघ मारून ठेवली. आता चक नेहमी रेघेला रेघ जुळवून बसवतो. पैसा लागला नाही, आणि फायदा नव्या रीमरपेक्षा जास्त झाला.

ड्रिलनंतर लगेच रीमर नको

टेलस्टॉक सुधारल्यावर तोंड १२.०३ वर आलं, पण पलीकडचं टोक अक्षापासून सरकलेलंच होतं. हे ड्रिलचं काम. १० मिमीचं ड्रिल ३२ मिमी लांबीत एक-दोन दशांश भरकटणं अगदी साधी गोष्ट आहे, आणि रीमर त्याच वाटेने मागोमाग जातो.

भोक सरळ करणारं हत्यार म्हणजे बोअरिंग टूल. त्याला एकच धार, आणि ती स्पिंडलच्या अक्षाभोवतीच कापते, आधीचं भोक कुठेही असो. माझा क्रम आता असा आहे: सेंटर ड्रिल, ८ मिमी ड्रिल, १०.५ मिमी ड्रिल, बोअरिंग टूलने ११.८, मग १२ चा रीमर. रीमरला दोन दशांश उरतात. पाव मिमीपर्यंत ठीक. पाच शतांशच उरवले तर रीमर कापत नाही, घासतो, चिरकतो आणि भोक चकाकतं पण माप कुठेच सारखं येत नाही. अर्धा मिमी उरवला तर दात्यांमधले चर चुऱ्याने भरतात आणि भोक मोठं होतं.

पितळेसाठी ड्रिलची धार बदलावी लागते, आणि ही गोष्ट मी पहिल्या दिवशी शिकायला हवी होती. नेहमीचं ड्रिल पितळेत स्वतःला आत ओढून घेतं, विशेषतः लहान भोक मोठं करताना आणि पलीकडे फुटताना. एकदा माझ्या ड्रिलने आर्बर टेलस्टॉकमधून उपसून काढला आणि जॉब चकमध्ये गर्रकन फिरला. उपाय ऑइलस्टोनचा आहे. ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या धारांवर, चराच्या बाजूने, ड्रिलच्या अक्षाला समांतर अशी अर्धा मिमी रुंदीची सपाट पट्टी घासा. धारेचा पुढचा कोन शून्य होतो आणि ड्रिल खेचणं थांबवून खरवडायला लागतं. अशी ड्रिलं वेगळ्या डब्यात ठेवा. स्टीलला ती पुन्हा नीट चालत नाहीत.

बोअरिंग टूललाही तेच: वरचा कोन शून्य. पॉझिटिव्ह कोनाचं टूल पितळेत घुसतं. टूलची उंची सेंटरला किंवा केसभर वर ठेवा. बोअरिंगमध्ये टूल दाबाने खाली लवतं. आधीच खाली असेल तर टूलचं पोट भोकाला घासायला लागतं आणि थरथर सुरू होते.

बार जेवढा जाड मावेल तेवढा घ्या आणि गरजेपेक्षा एक मिमीही बाहेर काढू नका. बाहेरची लांबी दुप्पट केली तर बार आठपट लवतो. माझा बार ८ मिमीचा आणि बाहेर ३५ मिमी, म्हणजे जाडीच्या चौपटीपेक्षा थोडं जास्त. स्टीलच्या बारला ह्याच्या पुढे जाऊ नये.

बोअर टेपर येतो तेव्हा पुष्कळ जण बार लवतो म्हणून टेपर येतो असं सांगतात. मला ते पटत नाही. कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) सरकतं तेव्हा बारची बाहेरची लांबी बदलत नाही, म्हणजे तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच लवतो. त्याने बोअर सगळीकडे सारखा लहान येईल, टेपर येणार नाही. टेपर आला तर आधी बघा, फीड (टूल पुढे सरकवणं) कंपाउंड स्लाइडने, म्हणजे कॅरेजवरच्या कोनात फिरवता येणाऱ्या छोट्या स्लाइडने, दिलं होतं का. कंपाउंड शून्यावर आहे असं वाटतं, पण एक दशांश अंशाची चूक असली तरी ३२ मिमी लांबीत व्यासावर अकरा शतांशांचा टेपर येतो. फीड कॅरेजनेच द्या. तरीही टेपर येत असेल तर हेडस्टॉक (चक फिरवणारा डावीकडचा भाग) बेडला समांतर नाही, आणि ती तपासणी वेगळ्या दिवसाची.

बार लवतो ह्याचा उपयोगही करून घेता येतो. शेवटचे तीन कट सारख्या खोलीचे घ्या, समजा व्यासावर एक एक दशांश. दर कटला बार सारखाच लवतो, म्हणून पहिल्या दोन कटांनंतर मोजलं की तिसरा कुठे येणार ते कळतं. मधेच दोन शतांशांचा कट घेतला तर टूल कापण्याऐवजी घासतं आणि अंदाज चुकतो. स्पीड १००० ते १२०० आरपीएम. पितळ ह्याहून जास्त सहज सोसतं, पण माझा छोटा लेथ तिथे थरथरतो.

रीमर फिरवताना

बोअर ११.८ ला सरळ झाला की रीमरचं काम सोपं आहे, पण तेही बिघडवता येतं. स्पीड ३०० ते ४०० आरपीएम. फीड मात्र भीत भीत देऊ नका. ३२ मिमीचा बोअर वीस-पंचवीस सेकंदांत पार व्हायला हवा. हळू गेलं की दाते घासतात आणि भोकात लांबट पैलू पडतात. रीमरच्या आधी तोंडाला छोटं चॅम्फर (तिरकी कड) द्या, म्हणजे सगळे दाते एकदम टेकतात. रीमर कधीही उलटा फिरवू नका. चुरा दात्याच्या पाठीमागे अडकतो आणि धार तुटते. पार गेला की चक थांबवा आणि मगच रीमर मागे ओढा.

पितळ टर्निंगला कोरडंच चालतं. रीमरला मात्र पातळ स्पिंडल ऑइलचे दोन थेंब देतो. कोरड्या रीमरच्या धारेला पितळ चिकटतं आणि माप वाढतं.

तरंगत्या रीमरबद्दल. मागे चौकोनी शेपूट आणि सेंटरचं भोक असलेला रीमर असेल तर तो ड्रिल चकमध्ये धरायची गरजच नाही. पुढचं टोक बोअरमध्ये, मागचं टोक टेलस्टॉकच्या सेंटरवर, आणि चौकोनाला टॅप रेंच लावून तिची दांडी टूलपोस्टला टेकवायची. रीमर थोडा डोलू शकतो, म्हणून तो बोअरच्या मागे जातो, टेलस्टॉकच्या चुकीच्या मागे जात नाही. दांडी हाताने कधीही धरू नका, हात टेलस्टॉकच्या चाकावरच हवा. सेंटर सतत टेकलेलं ठेवा. सरळ चरांचा रीमर घ्या. उजव्या पिळाच्या चरांचा रीमर पितळेत पुढे पळतो. हँड रीमरला पुढे लांब निमुळता भाग असतो हेही ध्यानात ठेवा. तो पूर्ण पलीकडे जाईपर्यंत बोअर पूर्ण मापाचा होत नाही, आणि बंद भोकात तर होणारच नाही.

एवढं करूनही भोक सगळीकडे सारखं मोठं आलं तर रीमरच मोजा. समोरासमोरच्या दात्यांवर मायक्रोमीटर. १२ एच७ चा चांगला रीमर १२.००८ ते १२.०१५ मध्ये मिळतो, म्हणजे नेमका १२.००० चा बोअर तो देणारच नाही आणि द्यायचाही नसतो. पिस्टन बोअरला जुळवून करायचा, कागदावरच्या आकड्याला नाही. मग नख लावून दात्यांवर आणि मागच्या दांडीवर बर (वर उठलेली खरखरीत कड) आहे का बघा. चकमध्ये घसरलेल्या रीमरच्या दांडीवर उठलेली बर त्याला तिरका धरायला लावते. ऑइलस्टोनने ती बसवता येते. स्टीलमध्ये वापरलेला रीमर पितळेला वापरू नका. पितळेला नवी, तीक्ष्ण धार लागते. माझे पितळेचे रीमर पिवळ्या टेपने खूण करून वेगळे ठेवले आहेत.

गेज म्हणतो बरोबर, प्लग म्हणतो नाही

हा दोष मला सिलिंडरमध्ये नाही, नंतर केलेल्या बुशमध्ये आला. बाहेरून १६, आतून १२, म्हणजे भिंत फक्त २ मिमी. चकमध्ये असताना प्लग सुरेख बसला. चक सोडला आणि प्लग अडकला. टेलिस्कोपिक गेज मात्र कुठूनही लावा, १२.०१ च.

तीन जबड्यांच्या चकने पातळ बुश तीन ठिकाणी दाबली होती. दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला गेला, आणि चक सोडल्यावर पितळ परत मूळ जागी गेलं, तेव्हा बोअर त्रिकोणी झाला. अशा तीन फुगवट्यांच्या भोकात प्रत्येक फुगवट्यासमोर एक खोलगट भाग असतो, त्यामुळे दोन टोकांमधलं अंतर सगळीकडे जवळजवळ सारखंच येतं. दोन बिंदूंनी मोजणारं कुठलंही साधन ह्याला फसतं. प्लग फसत नाही.

उपाय क्रमात आहे. आधी लांब, भरीव सळई चकमध्ये धरून टोकाला ड्रिल, बोअर आणि रीमर करा, मग त्याच पकडीत बाहेरचा व्यास उतरवा आणि शेवटी पार्टिंगने कापून घ्या. चक जिथे दाबतो तो भाग भरीवच राहतो. बुश आधीच कापलेली असेल तर ईआर कोलेट (सगळीकडून सारखी आवळणारी गोल पकड) किंवा एका बाजूने चिरलेली कडी वापरून पकड गोल पसरवा. पार्टिंगनंतर बोअरच्या तोंडाशी आत वळलेली बर राहते. ती न काढता प्लग घातला तर नसलेला दोष शोधत बसाल.

पितळाचंही बघा. भंगारातून किलोवर घेतलेली सळई कोणत्या जातीची ते सांगता येत नाही. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला आयएस ३१९ ची फ्री कटिंग सळई मागा. तिच्यात साधारण ५८ टक्के तांबं, दोन ते साडेतीन टक्के शिसं आणि बाकी जस्त असतं. शिशामुळे चिप तुटून बारीक पडते. घरी आणल्यावर एक कट घ्या. चुरा सुईसारखा उडाला तर माल बरोबर. लांब, चिवट गुंडाळी निघाली तर ते बिनशिशाचं पितळ आहे, त्यात रीमर चिकटेल. ह्या सुया डोळ्यांत फार वाईट जातात, चष्मा हवाच. आणि शिसं असल्यामुळे काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नका, मुलांना चुऱ्यात खेळू देऊ नका.

पाचवा सिलिंडर १२.०१ आला, दोन्ही टोकांना तोच. पिस्टन तेल न लावता स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरतो, आणि खालचं तोंड अंगठ्याने बंद केलं की जागीच थांबतो.

राहिली ५-६ मिमीची भोकं, जिथे बोअरिंग बार शिरतच नाही. तिथे मी डी बिट वापरतो. त्याच मापाची सिल्व्हर स्टीलची (तापवून पाण्यात बुडवलं की कडक होणाऱ्या पोलादाची) सळई, टोकापासून २५ मिमी लांबीवर अर्ध्यापेक्षा दोन-तीन शतांश जास्त राहील इतकी सपाट कापायची, पुढच्या टोकाला थोडा उतार द्यायचा, चेरीसारखी लाल करून पाण्यात बुडवायची, वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवायची आणि सपाट बाजू ऑइलस्टोनवर घासायची. आधीच्या भोकाच्या तोंडाशी छोट्या टूलने अक्षाला बरोबर असा नेमक्या मापाचा खळगा करून दिला, की डी बिट त्यात अर्ध्या गोल अंगाने टेकतो आणि तीच सरळ वाट धरून पुढे जातो. चुरा तो स्वतः बाहेर टाकत नाही, म्हणून दर दोन-तीन मिमीला बाहेर काढून ब्रशने पुसावा लागतो.